काकाजी, ते रक्त मी तपासलं नव्हतं

काकाजी,

आज तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या वाटेनं लागले, बाबा छपरीत आडवे झालेत आणि मी तलावाच्या पाळीवर तुझ्या डोंग्यापाशी, त्या लहान होडीपाशी, येऊन बसले आहे. दुपार कलली आहे. उद्या सकाळी मला निघायचंय, नागभीडहून नागपूर आणि तिथून पुढे बंगळूर. त्याआधी काकूला एक गोष्ट सांगायची आहे आणि माझी हिंमत होत नाही. म्हणून आधी तुला सांगते. तुला सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे, तू आता रुसून ताट सरकवणार नाहीस.

काकू रोज एकच विचारते. पहिल्या दिवशी रडता रडता विचारलं, पाचव्या दिवशी भांडी घासताना, आज सकाळी माझ्या केसांना तेल लावताना. "वैशू, तू नेलेल्या रक्तात तं काही निंघालं नव्हतं ना वो?" मी कधी म्हणते चहा ठेवू का, कधी म्हणते बादली भरली वाटतं. तिला माझ्याकडून एक 'नाही' पाहिजे. रक्त चांगलं होतं, बंगळूरच्या मोठ्या मशीनमध्ये पाहिलं होतं, तरी माणूस गेला, म्हणजे त्याची वेळच भरली होती. एवढं ऐकलं की तिला झोप लागेल. तो एक शब्द तेरा दिवस माझ्या जिभेवर येऊन बसला आहे आणि मी तो गिळते आहे. कारण ते रक्त मी तपासलंच नव्हतं, काकाजी. आमच्याकडे कोणीच तपासलं नाही. ते तपासायला नेलेलंच नव्हतं.

नीट सुरुवातीपासून सांगते. तुला ठाऊक आहे तेही सांगते, मध्येच टोकू नकोस.

मी दहा वर्षांची असताना तुला इथून आमच्याकडे माजरीला आणलं. बाबा खाणीत ड्युटीवर, आई स्वयंपाकात, आणि आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमधल्या एका खोलीत तू, दोन्ही कानांत कापूस घालून बसलेला. तलावाच्या पाळीवरची माणसं माह्याबद्दल बोलते, असं तू सांगायचास. मी विचारलं, काकाजी, तलाव तर तिकडे गावाले राह्यला, इतक्या दुरून तुले ऐकू कसं येते? तू माझ्याकडे बघतच राहिलास. डॉक्टर, बाबा, झाडफूक करणारा, कोणीच तुला हे विचारलं नव्हतं. "तेच तं मले बी समजत नाई," तू म्हणालास. त्या दिवसापासून आपली गट्टी जमली.

आणि भद्रावतीचा बसस्टँड. बाबांची ड्युटी बदलली होती, आई तापानं पडलेली, म्हणून चंद्रपूरच्या दवाखान्यात तुला घेऊन जायचं काम बारा वर्षांच्या पोरीवर आलं. तू माझं मनगट घट्ट धरलंस आणि बसमध्ये चढायला तयार होईनास. त्याईनं मना केलं, म्हणालास, म्हणजे त्या पाळीवरच्या आवाजांनी. एक गाडी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. लोक बघायला लागले. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, काकाजी, त्याईले सांग, उद्या माह्यी परीक्षा हाय, मले लवकर घरी जाचं हाय. तू बाजूला तोंड करून हळू आवाजात काहीतरी बोललास, थांबलास, मग वळून म्हणालास, "हो म्हनते." आणि चौथ्या गाडीत चढलास. चंद्रपूर येईपर्यंत मनगट काही सोडलं नाहीस. पुढच्या महिन्यात मी पुन्हा तीच युक्ती केली, तर म्हणालास, "त्याईले समजलं का तुयी परीक्षा गिरीक्षा काही नाई म्हनून."

ही गोष्ट मी बंगळूरला पीएच.डी.च्या मुलाखतीत सांगितली होती. सगळे हसले. ज्या पुढे माझ्या गाईड झाल्या त्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ते आवाज तुमच्याशी वाटाघाट करत होते, हे तुम्हाला तेव्हा विचित्र वाटलं नाही? मी म्हणाले, नाही, मला फक्त घरी जायचं होतं.

मधली एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितलेली नाही. नागपूरला मी शिकत असताना तू उकडलेल्या शिंगाड्यांची थैली घेऊन होस्टेलवर आलास. चौकीदार आत सोडेना. तू त्याला म्हणालास, मी पागल हाय, पर शिंगाडे चांगले हाय. मी जिन्यावरून ऐकत होते. मैत्रिणींनी विचारलं कोण आहेत गं, आणि मी म्हणाले, गावचे आहेत एक. तू दहा पावलांवर होतास. थैली माझ्या हातात दिलीस, कसा अभ्यास चालू आहे विचारलंस आणि परतीची गाडी धरलीस. त्यावर तू आयुष्यात कधी एक शब्द बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं, मी भांडले असते, रडले असते, मिटलं असतं. शिंगाडे सगळ्यांनी खाल्ले. मीपण खाल्ले.

मोठी झाल्यावर मी एकदा तुला 'तुम्ही' म्हणून पाहिलं, आठवतं? तू मागे वळून पाहिलंस, म्हणालास, कोनाशी बोलून राह्यली? तेव्हापासून पुन्हा 'तू'.

तर माझा अभ्यास. गावात सगळ्यांना वाटतं मी डॉक्टर होते आहे. तुला मी तीनदा समजावलं होतं, तुला नेमकं कळलंही होतं. ज्या घरांत असा आजार एकाहून जास्त माणसांना झाला आहे, त्या घरांतल्या लोकांचं थोडं रक्त आम्ही घेतो. रक्तातल्या एका जातीच्या पेशी वेगळ्या काढतो, त्यांना मागे नेऊन मूळपेशी बनवतो आणि त्या मूळपेशींपासून पुढे मेंदूच्या पेशी वाढवतो. जिवंत माणसाचा मेंदू काही उघडून बघता येत नाही, म्हणून ताटलीत वाढवायचा. आजारी माणसाच्या पेशी कुठे वेगळ्या वागतात ते बघायचं. आपल्या घरात तू होतास, आणि तुझ्याआधी आजी. तिच्या वेळी त्याला कोणी आजार म्हटलं नाही, अंगात येते म्हटलं.

होळीच्या सुट्टीत मी तुला मोबाईलवर अशा पेशींचा फोटो दाखवला. मला वाटलं, आता हा म्हणणार, हे तं जाळं होय. आमच्या प्रयोगशाळेत येणारा प्रत्येक पाहुणा तेच म्हणतो. तू मोबाईल डोळ्यांजवळ नेलास, लांब धरलास. "जाळं नाई हे," म्हणालास, "जाळ्याले गाठ असते. इथी गाठ कुठी हाय?" खरंच, दोन पेशींच्या मध्ये बारीक फट असते, गाठ नसते. मला हे पुस्तकात वाचून कळलं होतं. मग तू दुपट्ट्यानं तोंड पुसलंस आणि विचारलंस, माह्या रक्तातून डोस्कं बनवशीन, तं त्या डोस्क्याले बी आवाज येतीन का? मी हसून म्हणाले, कान कुठे आहेत त्याला. तू म्हणालास, "आवाज का कानानं येते वो?"

मी चिडले. नेहमीसारखी. तू काही समजून घेत नाहीस, असं काहीबाही बोलले. तू म्हणालास, रक्त देतो, पर याचं उत्तर आनून द्याचं. ते भांडण तिथेच राहिलं. उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात पुटपुटत फेऱ्या मारत होते, कसल्यातरी सादरीकरणाची तयारी. तू दारात येऊन उभा राहिलास. कोनाशी बोलते, विचारलंस. स्वतःशीच, मी म्हणाले. "पक्कं ना?" एवढंच विचारलंस, पण तुझा चेहरा उतरला होता. आजीचं, तुझं, ते माझ्यातही उतरेल ही जी भीती माझ्या मनात आहे आणि जी मी मॅडमनाही सांगितलेली नाही, ती तुला दारातूनच दिसली होती.

आता गोळीचं. बाकी सगळ्या गोळ्या करून झाल्या तेव्हा गेल्या हिवाळ्यात चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तुला क्लोझापिन सुरू केली. ती लागू पडली. पाळ खाली झाली, तू मला फोनवर सांगितलंस, आता तिथी कोनी बसत नाई. आणि थोड्या वेळानं म्हणालास, मायचा एक आवाज बरा होता, तो बी गेला. झोप फार यायची, लाळ गळायची, म्हणून दुपट्टा सदा खांद्यावर. पण तू डोंगा काढायला लागलास, जाळं विणायला लागलास, काकू पहिल्यांदा माहेरी चार दिवस राहून आली. त्या गोळीचा एकच धाक होता. क्वचित एखाद्याच्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ती संपवून टाकते. म्हणून आधी दर आठवड्याला आणि मग दर महिन्याला रक्त तपासायचं, चुकवायचं नाही. तू एसटीनं चंद्रपूरला जायचास, अख्खा दिवस मोडायचास. उपाशी जा असं कोणी सांगितलं नव्हतं, तरी उपाशीच जायचास, रक्त द्यायचं म्हणून. रिपोर्टाचा कागद काकू कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या थैलीत ठेवायची. महिन्याच्या महिन्याला, एकामागे एक.

जुलैत मी आणि आमचा टेक्निशियन नमुने गोळा करत तुझ्या दारात आलो. मॅडमचा नियम आहे, स्वतःच्या नातेवाइकाला संमतीचा फॉर्म आपण वाचून दाखवायचा नाही, दुसऱ्यानं वाचायचा. मला तो नियम तेव्हा उगाचचा वाटायचा. टेक्निशियन बाहेरचा, त्याचं मराठी पुस्तकातलं. दोन ओळी झाल्या आणि तू त्याला थांबवलंस. "वैशू, तू वाच. तुयं समजते." मी कागद हातात घेतला. नियम मोडते आहे हे मला ठाऊक होतं. खरं सांगू, मला बरंही वाटलं होतं.

सदर नमुन्याच्या चाचणीचा निकाल सहभागी व्यक्तीस कळविण्यात येणार नाही. असं वाक्य आहे त्यात. म्हंजे काय वो, तू विचारलंस. मी म्हणाले, म्हणजे तुला रिपोर्ट येणार नाही.

"तुले समजन ना?"

डब्यातला बर्फ वितळत होता, रक्त त्याच दिवशी नागपूरहून विमानात चढायला हवं होतं, गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि मी नळीवर चिकटवायचा नंबर शोधत होते. मी मान हलवली. हो अशी. "मंग झालं," म्हणालास आणि बाही वर करून हात पुढे केलास. काकू दारात चहा घेऊन उभी होती.

माझ्या मानेचा अर्थ असा होता की दोन-तीन वर्षांनी तुझ्या पेशींबद्दल मला काहीतरी कळेल. तू घेतलास तो अर्थ साधा होता. आपली पोरगी एवढी शिकली, रक्त ती नेते आहे, काही वाईट असलं तर ती सांगेलच. कोणीही तोच घेतला असता.

त्याच आठवड्यात तुझी चंद्रपूरची खेप होती. धानाची रोवणी सुरू होती, चिखलात हात हवे होते. काकू जा म्हणाली तर तू तिला सांगितलंस, वैशूनं नेलं ना रक्त, दोन-दोनदा कायले, बंगलोरच्या मशीनीत पाह्यते ते. गोळ्या नागभीडच्या मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर आणल्यात. दर महिन्याला रक्त झालं का म्हणून फोन करणारी मी, त्या महिन्यात केला नाही. आताच तर भेटून आले होते.

आम्ही त्या रक्ताचं काय केलं तेही ऐक. नळी गरागरा फिरवली, थर वेगळे झाले, आम्हाला लागणाऱ्या पेशींचा थर उचलला आणि बाकीचं फेकून दिलं. ज्या पांढऱ्या पेशींसाठी तू दर महिन्याला चंद्रपूरला जायचास, त्या नेमक्या त्या फेकायच्या भागात असतात. जुलैत त्या कमी झाल्या होत्या की नाही, कोणी सांगू शकत नाही. चंद्रपूरचे डॉक्टरही म्हणाले, कदाचित तेव्हा ठीकही असतील. तेरा दिवस मी त्या 'कदाचित'च्या आड लपून बसले आहे.

मग ऑगस्टात काकूचा फोन. त्याईले ताप हाय, घसा बी दुखते म्हनते. पावसाळ्यात आपल्याकडे ताप म्हणजे मलेरिया, हे आपल्या अंगातच मुरलेलं आहे. मी गेल्या वर्षी सेमिनारमध्ये याच गोळीबद्दल बोलताना पडद्यावर दोनच शब्द मोठे लिहिले होते, ताप आणि घसा, आणि सगळ्यांना बजावलं होतं की हे दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. तीच मी काकूला म्हणाले, मलेरियाचं पाहून घ्या, माझ्या हातात काम आहे, संध्याकाळी फोन करते. संध्याकाळी केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी केला. काकू म्हणाली, मलेरिया नाई निंघाला, पर पानी बी गिळवत नाई. तेव्हा कुठे पडद्यावरचे ते दोन शब्द मला आठवले. जुलैचं रक्त केव्हा झालं, मी विचारलं. "तूच तं नेलं," काकू म्हणाली.

पुढचं तुला माहीत आहे. ॲम्ब्युलन्स, चंद्रपूर, रिपोर्टात पांढऱ्या पेशी जवळपास नाहीतच. मी दुसऱ्या दिवशी पोचले. डॉक्टरांनी विचारलं, जुलैचं का चुकवलं? मी खाली पाहत उभी राहिले. काकू म्हणाली, रोवनी होती, मजुरीवर गेलो होतो. तू ऑक्सिजनचा मास्क थोडा बाजूला केलास. मला वाटलं आता तू सांगणार. तू विचारलंस, "बरफ पुरला होता का वो?" मी हो म्हणाले. त्यानंतर तू माझ्याशी काही बोलला नाहीस, बोलण्यासारखं तुझ्यात काही उरलंच नव्हतं.

बर्फ पुरला होता, काकाजी. तुझ्या पेशी जिवंत आहेत. त्यांच्या मूळपेशी झाल्यात, टिकलीएवढ्या बारीक वसाहती. तू नाहीस आणि त्या वाढताहेत. हेही काकूला माहीत नाही.

चुलीचा धूर दिसतो आहे, काकू उठली वाटतं. मी जाते. उरलेलं आल्यावर लिहीन.

* * *

सांगितलं.

मी सरळ म्हणाले, काकू, ते रक्त मी तपासलं नव्हतं, ते तपासायचं रक्तच नव्हतं. ती हात पुसून उठली, खिळ्यावरची थैली काढली आणि माझ्यासमोर बसून एकेक कागद जमिनीवर मांडायला लागली. मार्च, एप्रिल, मे, जून. जूनच्या मागे तसाच चौपदरी घडी घातलेला आणखी एक कागद. तिनं तो उघडून बाकीच्यांच्या रांगेत ठेवला. "हे जुलैचं," म्हणाली.

तो आमचा फॉर्म होता. तुझ्या सहीचा आणि माझ्या सहीचा, तुमच्याकडे ठेवायला दिलेली प्रत. दीड महिना तो रिपोर्ट म्हणून त्या थैलीत होता. मला ते वाक्य वाचता येईना. काकू सातवी शिकलेली आहे. तिनंच बोट ठेवून वाचलं, कळविण्यात येणार नाही. मग कागद खाली ठेवून म्हणाली,

"त्याईनं इचारलं होतं, तुले समजन ना म्हनून. तुनं मान हालवली होती. मी चहा घेऊन उभी होती."

म्हणजे तिला ते पहिल्यापासून आठवत होतं. तेरा दिवस ती मला रक्ताचं विचारत होती, ते मी होऊन सांगते की नाही हे बघायला, की मी खोटं बोलून तिला सोडवावं म्हणून, ते मला कळलं नाही आणि विचारायची माझी हिंमत नाही. डॉक्टर म्हणाले कदाचित तेव्हा ठीक असेल, हे वाक्य मी तयार ठेवलं होतं. ते काढलं नाही. हो काकू, मी मान हलवली, एवढंच म्हणाले.

मग दुसरी गोष्ट सांगितली. त्या रक्तातल्या पेशी अजून जिवंत आहेत, पुढे त्यांच्या मेंदूच्या पेशी व्हायच्या आहेत, आणि फॉर्मच्या मागे लिहिलंय की घरच्यांनी म्हटलं तर आम्ही त्या नष्ट करू. काकू, तुझं म्हणणं काय ते सांग, असं म्हणाले. तिनं विचारलं, त्याईले काही खायले लागते का? मी म्हणाले, रोज जुनं पाणी काढून नवं घालावं लागतं, आम्ही त्याला खाऊ घालणंच म्हणतो. आता कोन घालून राह्यलं? मी म्हणाले, मैत्रीण. निघताना तिला सगळं लिहून दिलं आहे, वेळापत्रक भिंतीवर लावलं आहे, एक दिवस चुकत नाही.

"तिथलं बरं ध्यानात राह्यते तुले," काकू म्हणाली.

तिनं कागद गोळा केले. आमचा फॉर्म बाजूला काढला आणि बाकीचे महिन्यांप्रमाणे लावून थैलीत घातले. जूनपर्यंतचे. थैली खिळ्याला टांगली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फेकू नोको त्याईले. पर मले फोन नोको करू. मले वाटलं तं मी करीन." आणि मला ताट वाढलं. पाठ करून बसली, पण वाढलं. मी जेवले. तिनं फोन केला नाही तर मला तेही सोसावं लागेल.

बंगळूरला गेल्यावर मॅडमना सांगणार आहे की फॉर्म मी वाचला होता. त्या तुझा नमुना अभ्यासातून काढतील किंवा ठेवतील, माझ्यावर काय करायचं ते करतील. आणि त्या फॉर्मच्या डोक्यावर, सगळ्यात आधी, एक ओळ घालू द्या म्हणून त्यांच्या मागे लागणार आहे. हे रक्त दवाखान्याच्या तपासणीचं नाही, तुमची दवाखान्याची खेप चुकवू नका. आपल्याकडच्या घरांत ती आपल्या बोलीत वाचायची, समोरच्यानं आपल्या तोंडानं परत म्हणेपर्यंत वाचायची. हे इतकं सोपं होतं, काकाजी. भद्रावतीच्या स्टँडवर तुझ्या आवाजांना कसं पटवायचं हे मला बाराव्या वर्षी सुचलं होतं, आणि हे सुचलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी आणून दिलेलं नाही. त्या पेशींना आवाज येतील का, मला माहीत नाही. आले तर ते कोणाचे असतील, हेही माहीत नाही. पण तो नाही, दुसरा एक प्रश्न तू मला विचारला होतास, आणि त्याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. मी आता छपरीत बसले आहे, जिथे तू बसला होतास. डोळ्यांपुढे जुलैचा तोच दिवस आहे, तू अजून बाही वर केलेली नाहीस, हात पुढे केलेला नाहीस, दारात काकू चहा घेऊन उभी आहे, बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवतो आहे. वाजवू दे. तू मला विचारतोस, तुले समजन ना?

नाई काकाजी, मले नाई समजनार. तू चंद्रपूरले जाऊन ये.